खाली वेचणी चालू होती

माझ्या विमानाचं इंजिन नेमकं यवतमाळ जिल्ह्यावर बंद पडलं, हा निव्वळ योगायोग. मी जन्मलो दिग्रसजवळच्या एका खेड्यात आणि अकरावी-बारावी केली यवतमाळला. पण हवाई दलात गेल्यापासून त्या जिल्ह्यावरून मी फार तर तीनदा उडालो असेन.

डिसेंबर नुकताच लागला होता. उत्तरेकडच्या एका तळावरून दक्षिणेकडच्या दुसऱ्या तळावर दोन लढाऊ विमानं पोचवायची होती. पुढच्या विमानात आमचा लीडर, मागच्यात मी. दोन्ही विमानं एका इंजिनाची आणि एका माणसाची. लढाई नाही, सरावही नाही. एसटीचा ड्रायव्हर रिकामी गाडी एका डेपोतून दुसऱ्या डेपोत नेतो, तसलं काम. पल्ला लांबचा म्हणून दोन्ही विमानांच्या पंखांखाली इंधनाच्या दोन-दोन जादा टाक्या लावल्या होत्या. लांबट, टोकाला निमुळत्या, माणसाच्या अडीच-तीन पट लांबीच्या. त्या टाक्यांबद्दल आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यांच्यापाशीच येतं.

सकाळचे अकरा वाजत आले होते. आम्ही साडेदहा किलोमीटर उंचीवर होतो. आधी सीटखालून एक धक्का आला, बैलबंडीचं चाक मोठ्या दगडावरून उतरावं तसा. पाठोपाठ घरघर सुरू झाली आणि सगळं विमान थरथरायला लागलं. इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा खाली चालला होता आणि तापमानाचा वर. मी लीडरला रेडिओवर कळवलं. तो मागे आला, माझ्या खालून एक फेरी मारून म्हणाला, "धूर आहे. काळा. आग दिसत नाही."

मी इंजिन बंद केलं. पुन्हा पेटवून पाहिलं, पेटलं नाही. ठरलेल्या पद्धतीनं दुसऱ्यांदा पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं. आत काहीतरी मोडून अडकलं होतं, हे नंतर उघडल्यावर कळलं. त्यात कोणाची चूक नव्हती. चौकशीत तसंच निघालं आणि मलाही तसंच वाटतं.

असं विमान दगडासारखं पडतं असं लोकांना वाटतं. तसं नसतं. उंची असेल तर ते उतारावरून घरंगळल्यासारखं बरंच लांब जातं. प्रश्न एवढाच असतो की कुठं जायचं. नागपूर माझ्या आवाक्यात नव्हतं. लीडर म्हणाला, "तीन हजार मीटरपर्यंत ठरव. नाहीतर उडी मार."

उडी म्हणजे सीटसकट बाहेर फेकलं जाणं. माणूस बहुधा वाचतो. पण रिकामं विमान पुढं कुठं जाऊन पडेल, ते कोणाच्या हातात राहत नाही. मी खाली पाहिलं आणि तेव्हा पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं की मी कुठं आहे. मागे मारेगाव राहिलं होतं. तपकिरी टेकड्या, सागाचं जंगल, मधेच चमकणारे नाले आणि त्यांच्यामध्ये शेतं. समोर, साठेक किलोमीटरवर, यवतमाळ.

यवतमाळच्या बाहेर एक धावपट्टी आहे. बारावीत असताना आम्ही सायकलवर तिथं जात असू. मंत्र्यांचं एखादं छोटं विमान वर्षातून कधीतरी उतरायचं. एरवी तिथं गाई बसायच्या आणि लोक गाडी शिकायचे. मी तिच्यावरून पायी चाललेलो होतो. तिची लांबी माझ्या विमानाला जेमतेम पुरली असती. मी लीडरला सांगितलं, "यवतमाळला जातो."

"तिथं पट्टी आहे?"

"आहे."

"पोचशील?"

मी मनात हिशेब केला. टाक्या असताना पोचत नव्हतो. शहराच्या अलीकडच्या वस्तीवर उंची संपत होती. टाक्यांचं वजन आणि त्यांना लागणारा वारा गेला तर पोचत होतो. नियमही तोच सांगतो. इंजिन गेलं की टाक्या सोडा, खाली वस्ती नाही हे पाहून सोडा.

मी पाहिलं. आठ किलोमीटरवरून जेवढं दिसतं तेवढं पाहिलं. घरांची छपरं नव्हती, रस्ता नव्हता. चौकोनी शेतं होती आणि त्यांतली बरीचशी पांढरट दिसत होती. मी बटण दाबलं. विमान एकदम हलकं होऊन वर उचललं गेलं.

त्यानंतरची सातेक मिनिटं मला बारीकसारीक आठवतात. इंजिनाशिवाय विमानात कधी नव्हे ती शांतता असते. स्वतःचा श्वास मास्कमध्ये ऐकू येतो. बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या पंपावर विमान वळत होतं, त्यामुळं दांडा जड लागत होता आणि प्रत्येक वळण जपून वापरावं लागत होतं. यवतमाळ समोर आलं. घरं, शाळांची मैदानं, जिनिंगच्या आवारांत कापसाचे ढीग. मग पट्टी दिसली आणि तिच्यावर एक पांढरी मोटार दिसली. कोणीतरी गाडी शिकत होतं.

माझ्याजवळ हॉर्न नव्हता. पुन्हा घिरटी घालायला इंजिन नव्हतं. मी चाकं सोडली, ती आपत्कालीन हवेच्या दाबानं धाडकन खाली आली. मोटार तशीच पट्टीच्या मधोमध. मग लीडर माझ्या पुढं गेला आणि त्यानं पट्टीवरून इतक्या खालून विमान काढलं की त्याचा आवाज मला माझ्या बंद काचेतून ऐकू आला. मोटार गर्रकन वळली आणि गवतात शिरली.

मी टेकलो. जोरात टेकलो. ब्रेकचं पॅराशूट मागे उघडलं, दोन्ही टायर फुटले, विमान एका अंगाला ओढत, खरडत गेलं आणि पट्टी संपायच्या थोडं आधी थांबलं. मी काच उघडली. बाहेर लख्ख ऊन आणि जळलेल्या रबराचा वास. मी खाली उतरलो आणि चाकाशेजारी डांबरावर बसलो.

पहिला आला तो पट्टीचा चौकीदार, एक म्हातारा, हातात काठी. त्यानं विमानाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "पेट्रोल संपलं का साहेब?"

मला हसू आवरेना. मी हसत होतो आणि तो गोंधळून मला पाणी देत होता. त्याच्याच फोनवरून मी माझ्या आईला फोन लावला. बरेचदा वाजल्यावर तिनं उचलला.

"माय, मी हो."

"हा कोनाचा नंबर हाये? कुठून बोलून राह्यला?"

"यवतमाळहून."

"यवतमाळले काहून?"

"विमान बिघडलं होतं. उतरवलं."

"लागलं काय तुले?"

"नाई."

तिच्या मागे बायकांचे आवाज येत होते. मग म्हणाली, "मंग घरी येजो. एवढी ओळ झाली का निंघतो आमी."

ती शेतात होती. कापसाची वेचणी चालू होती. मी तिच्याशी बोललो, तिच्या मागचे आवाज ऐकले आणि फोन ठेवला. त्या क्षणीसुद्धा माझ्या डोक्यात काही आलं नाही.

दुपारी मला विश्रामगृहावर नेलं. डॉक्टरनं तपासलं. अधिकारी येऊन हात मिळवून गेले. एका तरुण अधिकाऱ्यानं सेल्फी घेतला. मी पोळी आणि वांग्याची भाजी खात होतो. भूक एवढी लागली होती की मी बोटं चाटत होतो. तेव्हा एक ठाणेदार आत आले. मध्यमवयीन, घामानं कॉलर ओली. त्यांनी टोपी काढून हातात धरली.

"साहेब, विमानातून काही खाली पडलं होतं का?"

"पडलं नाही, मी सोडल्या. दोन टाक्या."

"एक जंगलात सापडली. सागाची चार झाडं मोडली."

"आणि दुसरी?"

ते माझ्या ताटाकडं पाहत होते. "मारेगाव तालुक्यात एका वावरात. येचणी चालू होती, साहेब. एक बाई गेली."

मी विचारलं, "कुठं गेली?"

हा प्रश्न मी खरंच विचारला.

त्यानंतर मी तिथं लगेच जायला निघालो होतो. जाऊ दिलं नाही. फोनवर वरिष्ठ म्हणाले, चौकशी होईपर्यंत तुम्ही कोणालाही भेटायचं नाही, काही बोलायचं नाही, हे तुमच्याही भल्याचं आहे आणि त्यांच्याही. दुसऱ्या दिवशी मला विमानानं तळावर नेलं. पाठीचे एक्स-रे काढले. चौकशी करणारे अधिकारी सभ्य होते. त्यांनी मला पाणी विचारलं, बसायला सांगितलं. टाक्या सोडताना खाली काय होतं, असं विचारलं.

मी सांगितलं, "शेतजमीन होती. वस्ती नव्हती."

ते टाइप झालं. मी सही केली. त्यात खोटं काही नव्हतं.

आठ-नऊ दिवसांनी मला रजा मिळाली आणि मी घरी गेलो. माझे वडील काही वर्षांपूर्वी गेले. मोठा भाऊ शेती पाहतो, आई अजूनही बायकांबरोबर कापूस वेचायला जाते. नको म्हटलं तरी ऐकत नाही. मी पोचलो त्याच दिवशी दिग्रसच्या शाळेतले आमचे जुने मास्तर घरी आले. सत्कार ठरला होता, पत्रिका वाटल्या होत्या. मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि त्यांचा चेहरा पाहून मिटलं. त्यांनी मला गणित शिकवलं होतं.

शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. मागे माझा फोटो, शेजारी विमानाचा, तोही दुसऱ्याच कुठल्यातरी विमानाचा. भाषणं झाली. एक जण म्हणाले की आपल्या मातीच्या लेकरानं जिवावर उदार होऊन यवतमाळ शहर वाचवलं. टाळ्या झाल्या. त्या बाईचं मरण पेपरात आलं होतं. तिथं बसलेल्या प्रत्येकानं वाचलं असणार. कोणी बोललं नाही. मला शाल दिली, नारळ दिला, हार घातला. मग मला बोलायला सांगितलं. मी शाळेचे आभार मानले, आईचे मानले, लीडरचे मानले. तिच्याबद्दल एक शब्द बोललो नाही. तोंडाशी आला होता, पण समोर पहिल्या रांगेत लहान मुली बसल्या होत्या, असं काहीतरी कारण मी स्वतःला दिलं.

आई सत्काराला आली नव्हती. मी परतलो तेव्हा ती ओसरीवर कापसातली पत्ती निवडत बसली होती. मी शाल आणि नारळ खाली ठेवला. तिनं वर पाहिलं नाही.

"काहून नाई आली?" मी विचारलं.

"तिची तेरवी झाली काय?"

"कोनाची?" मी म्हणालो. कोणाची ते मला माहीत होतं.

"तुले तिचं नाव तरी मालूम हाये का बाबू?"

मला माहीत होतं. ठाणेदारांकडून मी ते विचारून घेतलं होतं. मी ते उच्चारलं. आई ते नाव एकदा स्वतःशी म्हणाली. मग म्हणाली, "तेरवी व्हाची हाये अन् तू हार घालून आला."

मी उभाच होतो. ती पत्ती निवडत राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "तेरवीले नाई जायचं. तिथी लोकं राह्यते, तमाशा होईन. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी जाऊ. मी येतो तुह्यासंगं."

मी चौकशीची अडचण सांगितली, भेटायला मनाई आहे म्हणालो. ती म्हणाली, "मले कोनं मनाई केली?"

आम्ही दिग्रसहून यवतमाळला आणि तिथून मारेगावकडं जाणाऱ्या एसटीनं गेलो. मी साधे कपडे घातले होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतांत कापूस फुटलेला होता. पांढऱ्या शेतात बायका वाकलेल्या, कमरेला कापसाची ओटी बांधलेल्या, ऊन लागू नये म्हणून साडीवरून नवऱ्याचे जुने फुलशर्ट घातलेल्या. एकेका शेतात सहा, आठ, दहा. आई खिडकीपाशी होती. मी तिच्या खांद्यावरून पाहत होतो आणि पाहवत नव्हतं. शेवटच्या वीस-पंचवीस किलोमीटरच्या रस्त्यात मला रिकामं शेत फारसं दिसलं नाही.

फाट्यावर उतरून ऑटो केला. घर टिनाचं होतं, पुढच्या खोलीत अर्ध्या भिंतीपर्यंत कापूस भरलेला. आदल्या दिवशीच्या जेवणावळीची भांडी अंगणात उपडी घातली होती. तिचा नवरा दारात आला. चाळिशीचा असेल, डोकं नुकतंच भादरलेलं. मी कोण ते सांगायला सुरुवात केली, तोच तो म्हणाला, "मालूम हाये. टीव्हीवर पाह्यलं तुमाले." आणि बाजूला सरला. "या."

आम्ही सतरंजीवर बसलो. त्याची म्हातारी आई भिंतीला टेकून होती. सोळा-सतरा वर्षांची मुलगी पाणी घेऊन आली. आईला दिलं, मग मला दिलं. मी ते पिऊ की नको, अशा विचारात पडलो. आईनं मला कोपरानं ढोसलं. मी प्यालो.

माझी आई म्हातारीला म्हणाली, "कशी होती वो बाई सून?"

म्हातारीनं तिच्याकडं पाहिलं. मला वाटतं, इतक्या दिवसांत असं कोणी विचारलं नसावं. सगळे कसं झालं एवढंच विचारत असतील. म्हातारी म्हणाली, "बडबडी होती. दिवसभर तोंड चालायचं. पन हात त्याच्याहून बी चालायचा." मग खुंटीकडं बोट केलं. तिथं एक निळ्या चौकड्यांचा शर्ट होता, कोपरावर विरलेला. "याचाच जुना शर्ट घालून जाये. त्या दिवशी बटन तुटलं म्हून दुसरा घालून गेली. हा राह्यला."

दोघी बोलायला लागल्या. माहेर कुठलं, लग्न कधी झालं, तिला काय आवडायचं. मी ऐकत होतो. ती मधमाश्यांना फार भ्यायची. चहात साखर जास्त टाकायची. मुलीला नर्सिंगला घालायचं तिच्या मनात होतं. मग म्हातारी आपण होऊन त्या दिवसावर आली.

"मी संगंच होती. तिच्या बाजूच्या ओळीत. वर कायतरी गडगडलं म्हून म्या पाह्यलं. घारीवानी दिसलं, काळं. गोल गोल फिरत येऊन राह्यलं. म्या तिले म्हटलं, पाह्य वो वर काय हाये. तिनं पाह्यलं नाई. म्हने, आत्याबाई, एवढं झाड होऊ द्या." म्हातारीनं हात उचलला आणि पुन्हा मांडीवर ठेवला. "बाकीच्या पयाल्या. मी पयाली. ते वावराच्या बांधावर, धुऱ्यावर आपटलं अन् त्याचा पत्रा उडून तिले लागला."

टाकी आठ किलोमीटरवरून खाली यायला मिनिटभर लागतं. तेवढा वेळ तिच्याकडं होता आणि त्यात ती कापूस वेचत होती.

मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिनं मला विचारलं, "वरतून मानसं दिसते काय?"

"जा, चहा मांड," तिचा बाप म्हणाला.

ती हलली नाही. मी म्हणालो, "नाही. तेवढ्या उंचीवरून माणूस दिसत नाही."

बापानं मान हलवली. जणू त्याला एवढंच ऐकायचं होतं. "दिसतच नसन तं मंग का करन मानूस," तो म्हणाला.

पण मुलगी माझ्याकडंच पाहत होती. "तुमी इकडलेच ना? दिग्रसकडले?"

"हो."

"मंग येचणीचे दिवस हाये हे तं मालूम असन तुमाले."

माझी आई शेजारी बसली होती. तिच्या बोटांची टोकं बोंडांनी ओरबाडलेली होती, वर्षानुवर्षं या महिन्यात असतात तशी. मी मुलीला म्हणालो, "हो. मालूम होतं."

"मंग?"

"खाली पांढरं दिसलं होतं. कापूस फुटला आहे हेही मनात आलं होतं. पण कापसात बायका असतील हे आलं नाही."

हे मी तोवर कोणालाही सांगितलं नव्हतं. चौकशीत नाही, लीडरला नाही, आईलाही नाही. बटण दाबायच्या आधी क्षणभर मला बरं वाटलं होतं, ओळखीचा मुलूख दिसला म्हणून. आपल्याकडं यंदा कापूस चांगला फुटला, असं काहीतरी मनात येऊन गेलं होतं.

मुलगी आत निघून गेली. चहा आला नाही. तिचा बाप उठून बाहेर अंगणात गेला आणि तिथल्या उपड्या भांड्यांकडं पाठ करून उभा राहिला. म्हातारीनं डोळे मिटून घेतले होते. आईनं पुढं सरकून तिचा हात आपल्या हातात घेतला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

निघताना मुलीचा बाप आम्हाला ऑटोपर्यंत सोडायला आला. मी त्याला म्हणालो, मुलीच्या शिक्षणाचं काही असेल तर मला सांगा, मी आहे. त्यानं ऐकून घेतलं.

"राग नाई तुमच्यावर," तो म्हणाला. "सरकारी मानसंबी येऊन गेले, जे व्हायचं ते होईन. पन भाऊ, परत नका येऊ. तुमी आले का आमाले तुमच्याशी चांगलं वागा लागते." मग माझ्या आईला वाकून नमस्कार केला आणि मागे न पाहता घराकडं गेला.

परतताना यवतमाळच्या स्टँडवर दिग्रसची गाडी लागायला वेळ होता. तिथल्या बाकावर बसल्यावर मी आईला विचारलं, "मी सांगायले नोको होतं काय त्या पोरीले?"

ती म्हणाली, "सांगितलं ते बरंच केलं."

मग म्हणाली, "पन त्यानं हलकं तुलेच वाटलं असन. तिले नाई."

मला हलकंही वाटलं नव्हतं. पण तिला तसं म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

तळावर परतल्यावर मी चौकशी अधिकाऱ्यांकडं गेलो आणि आधीच्या जबाबाला एक पुरवणी जोडायची आहे म्हणालो. एका कागदावर लिहून नेलं होतं. त्या भागात त्या महिन्यात कापसाची वेचणी चालते. दिवसा शेतांत बायका असतात. मी त्याच जिल्ह्याचा असल्यामुळं मला हे माहीत होतं. टाक्या सोडताना मी ते ध्यानात घेतलं नाही.

अधिकाऱ्यांनी दोनदा वाचलं. चष्मा काढला. "यानं निष्कर्ष बदलणार नाही. टाक्या सोडल्या नसत्या तर तुम्ही पट्टीच्या अलीकडं वस्तीवर पडला असता."

"माहीत आहे, सर."

"मग याचा उपयोग काय?"

"मला माहीत नाही. पण 'वस्ती नव्हती' एवढंच लिहिलेलं राहू नये."

त्यांनी तो कागद फाइलला लावला. मला शाबासकीचं पत्र मिळायचं होतं, ते मिळालं. ते कुठंतरी कपाटात असेल. पाठ बरी झाल्यावर मी पुन्हा उडायला लागलो. लोक विचारतात, भीती वाटली का. पहिल्या दिवशी वाटली, दुसऱ्या दिवशी कमी वाटली. शरीराला सवय असते. झोपही लागायची. आपल्याला झोप लागते याचंच कधीकधी वाईट वाटायचं.

मी त्या गावात परत गेलो नाही. आई मात्र गेली, मला न सांगता, दोनदा. भावाकडून मला कळलं. ती तिथं काय बोलली, त्यांनी तिला काय सांगितलं, हे तिनं मला सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. एवढं मात्र तिनं एकदा सहज सांगितलं की पोरगी नर्सिंगला लागली, मामाकडं राहून शिकते.

आता मी शिकवतो. नवी मुलं-मुली येतात, हुशार, माझ्यापेक्षा कितीतरी चपळ. इंजिन गेल्यावर काय करायचं हा पाठ माझ्याकडं आहे. नकाशा लावतो, उंची, वारा, अंतर सगळं सांगतो. टाक्यांचं आलं की मी विचारतो, खाली काय पिकतं आणि सध्या महिना कोणता. मुलं नकाशावर पाहतात. नकाशावर ते नसतं.

मागच्या तुकडीतल्या एका मुलीनं हात वर केला. तिनं माझी गोष्ट कुठून तरी ऐकली असावी.

"सर, खाली बायका आहेत हे त्या वेळी तुमच्या मनात आलं असतं, तर?"

मी खरं ते सांगितलं. टाक्या सोडल्याच असत्या. थोड्या पुढं, थोड्या मागं, जंगल येईपर्यंत पाच-दहा सेकंद थांबून कदाचित. पण सोडल्या असत्या.

हे उत्तर मी मारेगावकडच्या त्या घरात दिलं नव्हतं. तिथं मला ते कोणी विचारलं नाही.